मदत हवी आहे: रुंद पंजासाठी धावायचे बूट, जळगाव-धुळे परिसरात

जळगावला मेहरूण तलावाच्या बाजूला पहाटे पळतो. डांबरी रस्ता, ५ ते ८ किलोमीटर. हिवाळ्यात १० किलोमीटरच्या स्पर्धेत उतरायची फार इच्छा आहे.

अडचण अशी, की ९ नंबरचा बूट लांबीला बरोबर बसतो, पण पंजा रुंद असल्याने करंगळीला फोड येतो. १० नंबर घालून पाहिला, तर टाच आत सरकते. लेस अगदी वरच्या जादा भोकातून ओवली. सपाटीवर फरक पडला, उतारावर पुन्हा तेच. सुती मोजे घामाने ओले राहायचे म्हणून पॉलिस्टरचे घेतले, फोड कमी झाले, थांबले नाहीत. तळवे सपाट नाहीत, गुडघे-टाचा दुखत नाहीत.

कपड्यांचंही विचारतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३च्या पुढे जातो, पहाटेही अंग निथळतं. पॉलिस्टरचा टी-शर्ट लवकर वाळतो, पण काखेत घासतो. व्हॅसलीन थोडाच वेळ टिकतं.

बजेट बुटांसाठी ४,००० रुपये. ऑनलाइन नको, पायात घालूनच घ्यायचे आहेत, धुळे-भुसावळपर्यंत येईन.

‘टू-ई’ म्हणजे रुंद मापाचे बूट इकडे कोणत्या दुकानात प्रत्यक्ष घालून पाहता येतील? आणि काखेत न घासणारा, बिनबाह्यांचा टी-शर्ट कुणी उन्हाळाभर वापरला आहे का?