किट लेन्सही हिशेबात धरा
कॅमेरा कॉम्पॅक्ट (न बदलता येणाऱ्या लेन्सचा छोटा) घ्यावा की मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा), या प्रश्नावर 'सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, मोठा म्हणून सरळ मिररलेसच घ्या' असा सल्ला दिला जातो; तो मला अर्धाच पटतो. सुरुवातीच्या मिररलेसमध्ये बहुतेकदा एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो, साधारण २३.५ × १५.६ मिमी. चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये 'एक इंची' म्हणतात तो, १३.२ × ८.८ मिमी. क्षेत्रफळ तिपटीहून थोडं जास्त, हे खरंच. पण सोबत येणारी किट लेन्स असते एफ/३.५-५.६, आणि अशा कॉम्पॅक्टची लेन्स अनेकदा एफ/१.८-२.८ (पहिला आकडा झूम न करता, दुसरा पूर्ण झूमवर; आकडा जितका लहान, तितका लेन्समधून जास्त प्रकाश). म्हणजे झूमच्या दोन्ही टोकांना जवळपास दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). कॉम्पॅक्टमध्ये सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर सुमारे चौपट प्रकाश. मोठ्या सेन्सरने कमावलेलं किट लेन्सने तिथेच घालवलं! मंद उजेडात घरगुती फोटो काढायचे असतील तर या जोडीत मिररलेसकडून फार अपेक्षा ठेवू नका.

मिररलेसची खरी ताकद लेन्स बदलण्यात आहे. ५० मिमी एफ/१.८ सारखी साधी प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावून बघा, चेहऱ्यामागची पार्श्वभूमी अशी विरघळते की कॉम्पॅक्टला ते जमणारच नाही. पक्ष्यांसाठी पुढे लांब टेलिफोटो (दूरचं जवळ दाखवणारी लेन्स) ही घेता येते. तेव्हा बजेट ठरवताना दुसऱ्या लेन्सचे पैसे आधीच बाजूला काढा. ते काढायची तयारी नसेल, तर मी निःसंकोच कॉम्पॅक्ट सुचवेन.

फक्त १/२.३ इंची, म्हणजे 'एक इंची'हूनही बऱ्याच लहान सेन्सरवाले छोटे कॉम्पॅक्ट टाळा. लांबचा झूम हवा असेल तरच त्यांचा उपयोग, नाहीतर हातातला चांगला फोन पुरेसा आहे.