हेच हेचीचं धरण काढा या मागणीवर सही करावी का?

हेवर्डकर:
नमस्कार मंडळी, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्यांना विचारायचंय, बाकीच्यांनीही लिहा. आमच्या नळाला येणारं पाणी योसेमिटी नॅशनल पार्कातल्या हेच हेची धरणाचं आहे हे माहीत होतं, पण गेल्या महिन्यात तिथे जाऊन आल्यावर ते नीट डोक्यात शिरलं. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे, वरून वापामा धबधबा कोसळतोय आणि खाली जिथे कुरणं आणि नदी होती तिथे नुसतं पाणी. 1906 च्या भूकंपानंतर इथे धरण हवं या सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मागणीला जोर आला, निसर्गप्रेमी लेखक जॉन म्यूर शेवटपर्यंत विरोधात भांडले, 1913 ला धरणाला परवानगी देणारा रेकर ॲक्ट झाला, पुढच्या वर्षी म्यूर गेले आणि 1923 ला धरण उभं राहिलं. या सगळ्यासाठी शहर केंद्र सरकारला वर्षाला भाडं देतं 30,000 डॉलर! आमच्याकडे दोन बेडरूमच्या फ्लॅटचं वर्षाचं भाडं याहून जास्त होतं. आता धरण काढून दरी मोकळी करा अशी मागणी आहे आणि मला सही करावीशी वाटतेय, पण तेच पाणी रोज पिऊन सही करायची हे मनाला पटत नाहीये.

पाटबंधारे_निवृत्त:
पाणी पिता म्हणून बोलायचा हक्क जात नाही हो, उलट तुम्हीच बोलायला हवं. धरण काढलं म्हणजे टुआलमी नदी आटत नाही, प्रश्न साठा कुठे करायचा एवढाच आहे. आपल्या हिशेबात सांगतो, हेच हेचीचा साठा साधारण पावणेसोळा टीएमसी, आणि त्याच नदीवर खाली डॉन पेड्रो धरण आहे ते 88 टीएमसीचं. म्हणजे खाली पाणी धरायला जागा आहे. पण वरचं पाणी इतकं स्वच्छ आहे की ते फिल्टर न करता द्यायची परवानगी आहे, खालून घेतलं तर फिल्टर प्लांट लागणार, आणि आज जे पाणी उताराने आपोआप येतं ते काही दिवस तरी पंपाने उचलावं लागेल, शिवाय वरची वीजही कमी होणार. 2012 ला सॅन फ्रान्सिस्कोत धरण काढण्याचा नुसता आराखडा करायचा का यावर मतदान झालं तर 77 टक्के लोक नको म्हणाले.

सुलभा_डेन्व्हर:
मला यात एको पार्कची गोष्ट सांगावीशी वाटते कारण धरण आणि निसर्ग यांचा तोल साधला म्हणजे नक्की काय झालं ते तिथे दिसतं. ग्रीन आणि याम्पा नद्यांच्या संगमावर, डायनोसॉर नॅशनल मॉन्युमेंटच्या आत, 1950 च्या सुमाराला धरण ठरलं होतं. धरणं बांधणाऱ्या सरकारी ब्युरोचं म्हणणं, दुसरीकडे बांधलं तर बाष्पीभवनात जास्त पाणी जाईल. सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेचे डेव्हिड ब्रॉवर 1954 ला संसदेच्या समितीपुढे उभे राहिले आणि शाळेतल्या गणिताने ब्युरोची आकडेमोड चुकलीय हे दाखवून दिलं, ब्युरोला आकडा खाली आणावा लागला! 1956 च्या कायद्यात एको पार्क वगळलं गेलं, आज तिथे नदी वाहते.

पण ब्रॉवरच्या त्याच गणितात कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यनचं धरण आणखी उंच करा हा पर्याय होता. ग्लेन कॅन्यन कुठल्याही नॅशनल पार्कात नव्हतं, फार कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याच्यासाठी भांडणारेही थोडेच. 1963 ला दरवाजे बंद झाले आणि जवळजवळ 300 किलोमीटर दरी, शेकडो उपदऱ्या, तिथल्या जुन्या आदिवासी वस्त्यांचे अवशेष सगळं बुडित क्षेत्रात गेलं. ब्रॉवरना जन्मभर त्याचं दुःख राहिलं. त्याच कायद्यात रेनबो ब्रिजच्या दगडी कमानीपर्यंत पाणी येऊ देणार नाही असं लिहिलं होतं तरी पाणी आलंच, 1973 ला कोर्टातही धरणाच्या बाजूने निकाल लागला.

अमोल_फिनिक्स:
ताई, सगळं खरं, पण ग्लेन कॅन्यनची 1,320 मेगावॉट वीज आणि कोलोरॅडो नदीच्या वरच्या भागातल्या राज्यांचा हक्काचा साठा हेही सांगा ना. इकडे वाळवंटात पाण्याशिवाय गावंच उभी राहणार नाहीत.

सुलभा_डेन्व्हर:
अमोल, मान्य, वीज आणि साठा दोन्ही लागतात. पण 2023 च्या सुरुवातीला लेक पॉवेल, म्हणजे ग्लेन कॅन्यनचा जलाशय, पाव भागही भरलेलं नव्हतं, बुडालेल्या कपारी परत वर आल्या, आणि मधल्या काळात धरणात अडकलेल्या गाळामुळे खाली ग्रँड कॅन्यनमधले वाळूचे किनारे झिजत गेले. याचा हिशेब 1956 ला कोणी मांडलाच नव्हता, आणि म्हणून मला राग येतो की दरवेळी आकडे फक्त एका बाजूचेच येतात.

हेवर्डकर:
म्हणजे जागा नकाशावर पार्क म्हणून रंगवलेली नसली की तिचा कोणी वाली नाही. ताई, तुमचं वाचून माझं थोडं ठरलंय. सही करणार, पण त्याआधी त्या लोकांना काय विचारू?

पाटबंधारे_निवृत्त:
तीन-चार सलग दुष्काळी वर्षं आली तर डॉन पेड्रोत शहराच्या वाट्याला किती पाणी उरतं ते विचारा. डॉन पेड्रो टरलॉक आणि मोडेस्टोच्या शेतकऱ्यांच्या इरिगेशन डिस्ट्रिक्टांचं आहे, त्यांच्याशी बोलणं झालंय का? फिल्टर प्लांटचा खर्च पाणीपट्टीत किती येईल? आणि सुलभाताईंचं ऐकून माझी एक भर, डॉन पेड्रोत जागा कमी पडली तर नवीन धरण कुठल्या दरीत बांधणार, तिचं नाव लेखी मागा.