लॉग अक्ष लावला की सरफेसचा डावा भाग फळीसारखा सपाट

प्रश्न: सिरॅमिकच्या गोळीचा डायइलेक्ट्रिक लॉस (विद्युतक्षेत्रात उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा) मोजलाय, १० हर्ट्झ ते १० लाख हर्ट्झ. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये ‘सर्फ’ (त्रिमितीय सरफेसचा आलेख) काढून एक्स, झेड अक्ष लॉग (समान अंतराला दहापट) केले, तर डावीकडे सपाट फळी आणि मध्ये भोकं. चार दिवस अडकलोय.

उत्तर: इंटरपोलेशनची (मोजलेल्या बिंदूंमधली मूल्यं काढण्याची) ग्रिड ‘लिनस्पेस’ने, म्हणजे समान अंतराच्या बिंदूंनी केलीत का? ५० बिंदूंत दुसरा बिंदूच २०,४०० हर्ट्झच्या पुढे जातो. पाचपैकी तीन दशकं (दहापटीचे टप्पे) एकाच पट्टीत! ‘लॉगस्पेस(१,६,५०)’ घ्या, त्यात बिंदू लॉग अक्षावर समान अंतराने पडतात; १ आणि ६ हे १० चे घातांक आहेत.

दुसरं उत्तर: भोकं म्हणजे शून्य किंवा ऋण मूल्यं. तिथे बारीक आकडा भरू नका, खोटी दरी दिसते.

प्रश्नकर्ता: शिखर दिसलं! मनापासून आभार. रंग मात्र एकसारखेच आहेत.

उत्तर: रंगांची मोजपट्टी वेगळी असते. अक्षाचा ‘कलरस्केल’ लॉग करा, मॅटलॅबच्या आर२०१८ए आवृत्तीपासून आहे.