मदत हवी आहे: मिस्टरांचं मुद्रा कर्ज असताना माझा पीएमईजीपीचा (उद्योगाच्या कर्जावर सरकारी अनुदान देणारी योजना) अर्ज बसेल का?

कापडी पिशव्या शिवण्याचं नवं युनिट माझ्या नावावर काढायचंय. प्रकल्प 12 लाखांचा. 10 लाखांवरच्या उत्पादन प्रकल्पाला आठवी पास लागतं, मी बारावी आहे. उत्पन्नाची अट नाहीच. घोडं पुढे अडलंय.

योजना फक्त नव्या उद्योगाला आणि एका कुटुंबातून एकालाच. कुटुंब म्हणजे नवरा-बायको. मिस्टरांचं टेलरिंगचं दुकान मुद्रा कर्जावर आहे, हप्ते वेळेवर चालू. सबसिडी त्यांनी कुठलीच घेतलेली नाही (मुद्रात ती नसतेच). मग त्यांचं कर्ज माझ्या आड का यावं? बँकेत एक साहेब म्हणाले चालेल. दुसरे म्हणाले, शिवणकाम दोन्हीकडे, म्हणजे जुनाच धंदा नव्या नावाने!

मुद्राचं कर्ज फेडलेल्या युनिटला विस्तारासाठीही पीएमईजीपी आहे, पण अनुदान साधारण 15 टक्के. नव्या युनिटला महिला म्हणून शहरात 25, ग्रामीण भागात 35. एवढ्या फरकावर पाणी सोडवत नाही.

जागा, वीजमीटर आणि उद्यम नोंदणी वेगळी दाखवली तर पुरेल का? कोणाचं असं प्रकरण मंजूर किंवा नामंजूर झालं असेल तर कारणासकट सांगा प्लीज.