स्टीव्ह केरला टीम आयती मिळाली म्हणे!

पहिला पास:
काल एकाने लिहिलं, NBA मधल्या (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) गोल्डन स्टेट वॉरियर्सचा स्टीव्ह केर कोच म्हणून ओव्हररेटेड, करी, थॉम्पसन, ग्रीन हे स्टार आयते मिळाले, तिथे कोणीही जिंकलं असतं. डोकंच फिरलं. अरे हेच तिघं 2013-14 ला पण होते की! तेव्हाचा कोच मार्क जॅक्सनने 51 मॅच जिंकल्या आणि प्लेऑफच्या पहिल्याच राउंडला घरी. केर आला, 67 जिंकल्या आणि टायटल. आदल्या वर्षी पासेसमध्ये ही टीम लीगमध्ये तळाला होती, बॉल एकाच्या हातात आणि बाकीचे बघत उभे. केरने बॉल फिरवायला लावला, करीला पास दिल्यावर पळायला लावलं.

झोन डिफेन्स:
मग केरचा असिस्टंट ल्यूक वॉल्टनचं बोला. 2015-16 ला केर पाठदुखीने बाहेर, वॉल्टनने टीम सांभाळून 39 जिंकल्या, फक्त 4 हरल्या, त्यातल्या पहिल्या 24 सलग जिंकल्या. नंतर लेकर्स टीमचा कोच झाला तर तीन सीझन प्लेऑफ नाही. म्हणजे जिंकत कोण होतं, टीमच ना? आणि कोच ऑफ द इयर केरला!

पहिला पास:
वॉल्टन केरचीच सिस्टिम चालवत होता, तुम्ही माझाच मुद्दा सांगताय.

बाकावरचा सहावा:
केर 15 सीझन खेळला, सरासरी 6 पॉइंट, जास्त करून बेंचवरून. तिथे बसून गेम दिसतो. स्टार लोकांना शिकवताच येत नाही, लेकर्सचाच सुपरस्टार मॅजिक जॉन्सनने त्यांच्या 16 मॅच कोचिंग केलं, 5 जिंकल्या. आमचा कोच एकेकाळचा मोठा स्कोअरर, बॉल घ्यायचा, टाकायचा, 'हे असं' म्हणायचा आणि नाही जमलं की ओरडायचा. असिस्टंट आयुष्यभर राखीव राहिलेला माणूस, त्याने माझं कोपर धरून आत वळवलं, म्हणाला बॉल तळहातावर नको, बोटांवर घे. माझे फ्री थ्रो तिथून पडायला लागले.

झोन डिफेन्स:
लॅरी बर्ड विसरलात? तोही सुपरस्टारच, पेसर्स टीमचा कोच म्हणून 1998 ला कोच ऑफ द इयर, 2000 ला पेसर्स फायनलला. आणि सेल्टिक्सचा स्टार बिल रसेल स्वतः खेळत असताना कोच होता, 1968 आणि 1969, दोन टायटल.

हाफ कोर्ट:
बेंचवाले म्हणजे संत हे कोणी ठरवलं? माझ्या मुलीचा कोच तसलाच, स्वतःला मिळालं नाही त्याचा राग पोरींवर काढायचा. चुकलीस की बस बाहेर. तिने बास्केटबॉल सोडला. तुमच्या कोपराची गोष्ट मला नका सांगू.

बाकावरचा सहावा:
तुमच्या मुलीचं वाईट वाटलं, खरंच. पण एका माणसावरून सगळ्यांना झोडू नका ना.

हाफ कोर्ट:
तुम्ही पण एकावरूनच बोलताय!

पहिला पास:
अरे केरवर या. 2015 फायनलला (आधी चार मॅच जिंकेल तो चॅम्पियन) क्लीव्हलँड 2-1 पुढे होतं. उंच सेंटर बोगटला बसवून बेंचवरच्या इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवा ही आयडिया निक यूरेनची, स्टाफमधला तरुण पोरगा. केरने ऐकलं, मॅच जिंकल्यावर सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं. पुढच्या दोन्ही पण जिंकल्या. किती कोच असं श्रेय देतात?

झोन डिफेन्स:
बरं, इग्वोडालाचं मान्य, तेवढंच. पण पुढच्याच वर्षी 73 मॅच जिंकून, फायनलमध्ये 3-1 पुढे असून हरले, ते कोणाच्या खात्यात टाकायचं? त्यावर बोला.