१९९० सालचा सर्वोत्तम हेवी मेटल अल्बम : 'पेनकिलर' की 'रस्ट इन पीस'?

कातळकडा (मूळ लेख)

१९९० या वर्षी मेटॅलिका या बँडचा अल्बम आला नाही. ते ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत शिरले आणि पुढच्या वर्षी काळ्या वेष्टनातला जो अल्बम घेऊन बाहेर आले, त्याने मेटलची बाजारपेठच बदलून टाकली. त्या बदलाच्या आदल्या वर्षी मात्र मेगाडेथ, स्लेयर, पँटेरा, ॲनथ्रॅक्स, एन्टूम्ड, डिसाइड, ओबिच्युअरी या सर्व बँडांचे महत्त्वाचे अल्बम एकामागोमाग आले. त्यांतला सर्वश्रेष्ठ कोणता, असे विचारले की बहुतेक जाणकार मेगाडेथच्या 'रस्ट इन पीस'चे नाव घेतात. माझ्या मते तो मान जूडास प्रीस्टच्या 'पेनकिलर'चा आहे.

प्रीस्टचा पहिला अल्बम १९७४ चा. 'टर्बो' (१९८६) मध्ये गिटार-सिंथेसायझरच्या नादी लागून ते मवाळ झाले आणि 'रॅम इट डाउन' (१९८८) मध्ये जुनी धार परत आणण्याचा प्रयत्न अर्धवट राहिला. दरम्यान त्यांच्याच गाण्यांवर वाढलेल्या पोरांनी थ्रॅश ही अतिवेगवान मेटलशैली उभी करून वेगाची सगळी मापे बदलली होती. अशा वेळी जुन्या बँडपुढे सहसा दोनच वाटा उरतात, त्या म्हणजे पूर्वपुण्याईवर जगणे किंवा नव्यांची नक्कल करणे. प्रीस्टने दोन्ही नाकारल्या. रेसर एक्स या बँडमधला अमेरिकन ड्रमवादक स्कॉट ट्रॅव्हिस त्यांनी घेतला, आणि शीर्षकगीताच्या आरंभी तो एकटाच जे वाजवतो, ते ऐकताक्षणी बँडच्या अंगात नवे रक्त आल्याचे कळते. गिटारवादक ग्लेन टिप्टन तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता आणि गायक रॉब हॅलफर्ड चाळिशीच्या उंबरठ्यावर. त्या वयात हॅलफर्ड संपूर्ण गाणे वरच्या पट्टीत, आवाजाला कुठेही विसावा न देता गातो, आणि तरीही प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येतो.

या अल्बमची पार्श्वभूमीही विसरता येत नाही. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये नेवाडातल्या रीनो शहरात बँडवर खटला चालला. दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडून घेतल्या होत्या, आणि 'स्टेन्ड क्लास' (१९७८) या अल्बममधल्या एका गाण्यात दडवलेला संदेश त्याला कारणीभूत असल्याचा आरोप होता. न्यायालयाने ऑगस्टमध्ये बँडच्या बाजूने निकाल दिला आणि ३ सप्टेंबरला 'पेनकिलर' प्रसिद्ध झाला. ज्या 'स्टेन्ड क्लास'वर हा आरोप होता, त्याच अल्बमचे पहिले गाणे 'एक्सायटर' हे वेगवान मेटलचे एक मूळ आहे. प्रीस्टने १९९० मध्ये थ्रॅशकडून वेग उसना घेतला, असे म्हणणाऱ्यांनी ते गाणे एकदा ऐकावे. बारा वर्षांपूर्वी पेरलेले पीक त्यांनी स्वतःच कापले.

सप्तक

कातळकडा, आपण फार आस्थेने लिहिले आहे, परंतु मला निष्कर्ष पटत नाही. 'पेनकिलर' हा गायनाचा आणि ऊर्जेचा उत्तम नमुना आहे, हे मान्य. पण त्याची दहाही गाणी साधारण एकाच साच्यात चालतात. रिफ (गिटारवर पुन्हापुन्हा येणारी छोटी सुरावट), कडवे, धृपद, टिप्टन आणि दुसरा गिटारवादक डाउनिंग यांची आळीपाळीने होणारी सोलो (एकट्याचे गिटारवादन) आणि पुन्हा धृपद, असा तो ठरलेला क्रम आहे. 'अ टच ऑफ ईव्हल' सोडले तर लयीत मोठा पालट जवळजवळ कुठेच नाही.

आता 'होली वॉर्स... द पनिशमेंट ड्यू' हे 'रस्ट इन पीस'चे पहिले गाणे घ्या. घाईने धावणारी रिफ अचानक थांबते, मेगाडेथचा गिटारवादक मार्टी फ्रीडमन अकूस्टिक गिटारवर पूर्वेकडच्या वळणाची छोटीशी सुरावट वाजवतो, तिथून गाणे जड आणि संथ होते, आणि शेवटी पुन्हा वेग धरून श्वास कोंडेपर्यंत पळते. साडेसहा मिनिटांत इतकी वळणे येऊनही सांधे दिसत नाहीत. 'हँगर १८'च्या उत्तरार्धात बँडचा गायक-गिटारवादक मस्टेन आणि फ्रीडमन यांची सोलो एकमेकांना उत्तर देत चढत जातात. 'टोर्नेडो ऑफ सोल्स'मधले फ्रीडमनचे सोलो तर मी मेटलमधल्या सर्वांत सुरेल रचनांत धरतो, कारण त्यातला एकही स्वर केवळ वेग दाखवण्यासाठी आलेला नाही. या अल्बमवरचा ड्रमवादक निक मेन्झा आधी याच बँडच्या ड्रमवादकाचा तंत्रसाहाय्यक होता, हे त्याचे वादन ऐकून कोणाला खरे वाटणार नाही.

दुसरा मुद्दा आशयाचा आहे. १९८८ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिमच्या कार्यक्रमात, तिथल्या संघर्षाची पुरती कल्पना नसताना, मस्टेनने एक गाणे 'ध्येयासाठी' म्हणून अर्पण केले आणि प्रेक्षकांमध्ये मारामारी पेटली. त्या अनुभवातून 'होली वॉर्स'चा आरंभ लिहिला गेला. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवले आणि सप्टेंबरअखेर हा अल्बम आला. धर्माच्या नावाने होणाऱ्या हत्येबद्दलचे आणि अण्वस्त्रांबद्दलचे हे शब्द त्या क्षणी जितके नेमके होते, तितके 'पेनकिलर'मधल्या मोटारसायकलवरून उडत येणाऱ्या पोलादी तारणहाराचे शब्द असूच शकत नव्हते. वर्षाचा सर्वोत्तम अल्बम निवडताना त्या वर्षाशी त्याचे काही नाते असावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

उत्तरध्रुव

मी गेली काही वर्षे स्टॉकहोममध्ये राहतो, त्यामुळे माझ्या मतात थोडा पक्षपात शिरला असेल, परंतु कारणे देऊनच ते मांडतो. आपण दोघेही अशा अल्बमांबद्दल बोलत आहात, ज्यांनी एक चालत आलेली शैली पूर्णत्वाला नेली. 'रस्ट इन पीस'नंतर तांत्रिक थ्रॅशला पुढे जायला फारशी जागा उरली नाही, आणि 'पेनकिलर'नंतर हॅलफर्डने १९९२ मध्ये बँडच सोडला. उलट १९९० च्याच जून महिन्यात एन्टूम्डचा 'लेफ्ट हँड पाथ' आला आणि त्याने एका संपूर्ण शैलीचा दरवाजा उघडला.

निहिलिस्ट हा बँड १९८९ मध्ये मोडला आणि त्यातल्याच मुलांनी एन्टूम्ड उभा केला. टोमास स्कोग्सबर्गच्या सनलाइट स्टुडिओत त्यांनी हा अल्बम मुद्रित केला, तेव्हा त्यांचे वय विशीच्या आतबाहेरचे होते. बॉस कंपनीच्या एचएम-२ नावाच्या, त्या काळी फारशी प्रतिष्ठा नसलेल्या डिस्टॉर्शन पेडलच्या (गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या पायाने चालवायच्या यंत्राच्या) सगळ्या कळा शेवटपर्यंत फिरवून गिटारचा जो करवतीसारखा आवाज निघतो, तो या अल्बमने जगाला ऐकवला. फ्लोरिडाच्या डेथ मेटलचा (घोगऱ्या, गुरगुरत्या गायनाच्या जड मेटलशैलीचा) आवाज कोरडा आणि काटेकोर होता. हा त्याउलट चिखलातून उसळल्यासारखा होता. शीर्षकगीताच्या शेवटी वेग ओसरतो आणि 'फँटॅझम' या १९७९ च्या भयपटाची सुरावट गिटारवर उमटते, तेव्हा इतक्या ओबडधोबड आवाजातही किती करुण धून मावते, हे कळते. कार्नेज या बँडचा 'डार्क रिकलेक्शन्स' त्याच वर्षी, आणि डिसमेंबर व ग्रेव्ह या बँडांचे पहिले अल्बम पुढच्याच वर्षी, याच स्टुडिओतून निघाले. आजही जगभरचे नवे बँड तो आवाज शोधत असतात, आणि उत्पादन बंद झालेल्या त्या पेडलची नवी आवृत्ती कंपनीला २०२० मध्ये काढावी लागली. तीस वर्षांनंतर ज्याच्यामुळे एखादे यंत्र पुन्हा बाजारात येते, त्या अल्बमला आपल्या चर्चेत स्थानच नसावे, हे मला खटकले.

याच न्यायाने बॅथोरी या बँडच्या 'हॅमरहार्ट'चाही उल्लेख व्हायला हवा. त्यात गाणाऱ्या क्वॉर्थनचा आवाज गायकाचा नव्हे, काही ठिकाणी तो सरळ बेसूर होतो, तरीही पुढे ज्याला व्हायकिंग मेटल म्हटले गेले, त्याचा पाया त्याच अल्बममध्ये आहे.

ठोकताल

पँटेराच्या 'काउबॉइज फ्रॉम हेल'चे नाव अजून कोणी सविस्तर घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. आधीचे चार अल्बम स्वतःच काढणारा, केस फुगवून ग्लॅम (झगमगीत पोशाखातले गोड-सोपे मेटल) वाजवणारा टेक्ससचा हा बँड या अल्बमपासून ओळखूही येईनासा झाला. 'डॉमिनेशन' या गाण्याच्या शेवटी लय जी खाली उतरते, त्यावर नव्वदच्या दशकातले निम्मे अमेरिकन मेटल उभे आहे. तरीही माझे मत मी स्लेयरच्या 'सीझन्स इन द अबिस'ला देईन. त्यांच्याच आधीच्या 'रेन इन ब्लड'चा वेग आणि 'साउथ ऑफ हेव्हन'चा संथ दबाव यांचा मेळ त्यांना इथे साधला. २०१२ मध्ये ते बंगळुरूला आले तेव्हा ड्रमवादक डेव्ह लोम्बार्डो बँडमध्ये होता, आणि त्याचे वादन समोर ऐकल्यावर १९९० मधल्या इतर सगळ्या ड्रमवादकांबद्दलची, ट्रॅव्हिसबद्दलचीसुद्धा, चर्चा मला दुय्यम वाटू लागली. आयर्न मेडनच्या 'नो प्रेयर फॉर द डाइंग'बद्दल मी मेडनचा चाहता असूनही काही बोलत नाही.

कातळकडा

सप्तक यांनी 'पेनकिलर'च्या गाण्यांचा साचा एकच असल्याचे म्हटले आहे. रचनेची गुंतागुंत हा गुण आहे, पण तो एकमेव गुण नाही. ठरलेल्या चौकटीत राहून प्रत्येक वेळी धृपदावर तेवढ्याच आवेगाने येणे, हेही कठीण काम आहे. 'नाइट क्रॉलर'मध्ये मध्यावर आवाज दबतो, हॅलफर्ड जवळजवळ कुजबुजत कथा सांगतो आणि मग किंकाळीसह गाणे पुन्हा फुटते. लयीत पालट नाही, हे म्हणणे या गाण्यापुरते तरी टिकत नाही. शब्दांविषयी म्हणाल, तर महिनाभर न्यायालयात बसून आपल्या गाण्यांत मृत्यूचे आदेश नाहीत, हे सिद्ध करावे लागलेल्या माणसांनी संहारातून माणसांना वाचवणाऱ्या नायकाचे गाणे घेऊन लोकांसमोर येणे, हे मला पोरकट वाटत नाही. गाणी खटल्याआधीच मुद्रित झाली होती, हे मला ठाऊक आहे. पण श्रोत्यांनी ती ऐकली त्यानंतर, आणि त्या संदर्भासहच ऐकली.

उत्तरध्रुव यांना एवढेच विचारतो, की नवी वाट काढणे हाच निकष असेल, तर त्या वाटेवरचे लोक स्वतः कोणाला मानत होते? १९९० मध्ये 'स्पिरिच्युअल हीलिंग' काढणाऱ्या डेथ या बँडच्या चक शुल्डिनरने १९९८ मध्ये त्या बँडचा अखेरचा अल्बम केला, आणि त्याचे शेवटचे गाणे म्हणून 'पेनकिलर'च गायले. डेथ मेटलचा पाया घालणाऱ्यांपैकी एकाने आपल्या गळ्याची सवय मोडून हॅलफर्डच्या पट्टीत गाण्याचा प्रयत्न करावा, याहून मोठी पावती कोणती?

उत्तरध्रुव

ती पावती मी नाकारत नाही, पण ती कशाची आहे ते पाहायला हवे. शुल्डिनर ज्या संगीतावर वाढला, त्याला त्याने वंदन केले. वंदन मागच्या पिढीला केले जाते. 'लेफ्ट हँड पाथ'चे महत्त्व पुढच्या पिढीने काय उचलले, यावरून ठरते, आणि ती पिढी नुसते वंदन करून थांबली नाही, तिने तोच आवाज घेऊन स्वतःची गाणी रचली. शिवाय 'पेनकिलर'च्या ड्रमवर जो प्रतिध्वनी चढवला आहे, त्यामुळे तो अल्बम आज ऐकताना लगेच आपल्या काळाचा वाटतो. एन्टूम्डचा आवाज मात्र परवा मुद्रित झाल्यासारखा वाटतो.

सप्तक

कातळकडा, 'नाइट क्रॉलर'बद्दलचे आपले म्हणणे मी स्वीकारतो; त्या गाण्यातला मधला भाग खरोखर असामान्य आहे. तरीही माझा क्रम 'रस्ट इन पीस', मग 'लेफ्ट हँड पाथ' आणि त्यानंतर 'पेनकिलर' असाच राहील. 'पेनकिलर' ऐकताना मी एका महान गायकापुढे नतमस्तक होतो, पण 'रस्ट इन पीस' ऐकताना चार माणसे एकमेकांना मागे टाकू पाहतात आणि तरीही एकत्र समेवर येतात, हा अनुभव मला त्या वर्षीच्या दुसऱ्या कोणत्याही अल्बममध्ये मिळत नाही.

हा धागा वाचून जे प्रथमच हा अल्बम ऐकतील, त्यांना एक विनंती आहे. २००४ मध्ये त्याची जी नव्याने मिश्रण केलेली आवृत्ती निघाली, तिच्यात मूळ फिती न सापडल्यामुळे काही ठिकाणी मस्टेनने पुन्हा गाऊन भर घातली आहे, आणि चौदा वर्षांनी बदललेला आवाज तिथे स्पष्ट कळतो. १९९० मधले मूळ मिश्रण मिळवावे, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकावे, आणि मगच 'पेनकिलर'शी त्याची तुलना करावी.