आधारगटात डॉक्टर बसायलाच हवा का?

माहीमकर_ताई

आमच्या आधारगटात एक वाद पेटला आहे, तो इथे मांडते. दर शनिवारी संध्याकाळी दादरला एका वाचनालयाच्या खोलीत आम्ही दहा-बाराजण जमतो. कुणाला नैराश्य, कुणाला बायपोलर (कधी टोकाचा उत्साह, कधी खोल उदासी), कुणाला पॅनिकचे झटके. रविवार मुद्दाम टाळला, कारण मेगाब्लॉक असला की कल्याण-पनवेलची माणसं पोचत नाहीत. दादर घेतलं ते मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्गांवरून येता यावं म्हणून, आणि आपल्या चाळीतलं कुणी दारात भेटू नये म्हणूनही.

गट चालवणारे आम्ही सगळे स्वतः या आजारांतून गेलेले. आता काही सदस्यांचं म्हणणं, दर बैठकीला सायकियाट्रिस्ट किंवा काउन्सेलर बसलाच पाहिजे. मला हे अजिबात मान्य नाही. डॉक्टर खोलीत आले की सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे लागतात. "डॉक्टर, माझी ती गोळी" सुरू होतं आणि आपसातलं बोलणं थांबतं. रात्रीच्या गोळीची गुंगी उतरलेली नसताना सकाळची ८:१२ कशी पकडायची, लग्न ठरताना समोरच्यांना आजाराचं कधी सांगायचं, घरात "मनावर घेऊ नकोस" म्हणणाऱ्या सासूला काय उत्तर द्यायचं, हे ज्याने भोगलंय त्यालाच नीट सांगता येतं. दारू सोडणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ पासून याच पायावर उभी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आधारगटांसाठी मार्गदर्शिका काढली, तिचाही भर अनुभवातून गेलेल्यांनीच गट चालवण्यावर आहे.

नियम कडक आहेत. गोळीचा डोस कुणी कुणाला सुचवायचा नाही. जीव देण्याचे विचार येतात हे मोकळेपणी सांगायचं, पण पद्धतीचं वर्णन नाही. उसने पैसे मागायचे नाहीत. गट चालवायला कायम दोघं, आणि त्यातल्या कुणाला त्या आठवड्यात बरं नसेल तर त्याने सदस्य म्हणून बसायचं. व्हॉट्सॲपवर फक्त वेळ आणि जागा कळवली जाते.

वॉर्डसिस्टर

ताई, तळमळ पोचली, तरी मी ठाम विरोधात आहे. मनोविकार विभागात नर्स म्हणून आयुष्य गेलं माझं. दारू सोडणाऱ्यांचं उदाहरण इथे लागू पडत नाही. तिथे सगळ्यांचं ध्येय एकच, आजचा दिवस प्यायचं नाही. तुमच्या खोलीत पाच आजार बसलेत. बायपोलरचा माणूस मेनियात, म्हणजे टोकाच्या उत्साहाच्या टप्प्यात, चढायला लागला की तोच गटात सगळ्यात उत्साही दिसतो. भरभर बोलतो, हसवतो, सगळ्यांना चहा पाजतो. बाकीचे म्हणणार, "किती सुधारलास रे!" तो रात्री तीनच तास झोपतोय आणि क्रेडिट कार्ड संपवत आणलंय, हे कुणाच्या लक्षात येणार?

आणि डोस न सुचवण्याचा नियम खोलीत पाळला जातो. खाली वडापावच्या गाडीवर काय बोलतात? "मी लिथियम सोडलं, मला तर काही झालं नाही," एवढं एक वाक्य दुसऱ्याला पुरतं. लिथियम हे बायपोलरचं औषध; त्यावर असताना रक्ततपासणी लागते, किडनी आणि थायरॉईडवर लक्ष ठेवावं लागतं, आणि ते अचानक सोडलं तर आजार उसळून वर येतो.

रात्रपाळी_ठाणे

सिस्टर, मी तोच बायपोलरवाला. माझी झोप कमी झाल्याचं पहिलं कुणी ओळखलं असेल तर गटातल्या एका काकांनी. डॉक्टरांची पुढची तारीख महिन्याने होती. काका म्हणाले, "तू आज दोनदा विषय सोडून तिसरीकडे गेलास, मीही असाच जायचो. उद्याच डॉक्टरांना गाठ." गाठलं, डोस बदलला, भरती टळली.

शिवाय डॉक्टर आणणार कुठून? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य-चिंतेसारख्या आजारांच्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नसल्याचं दिसलं. पालिकेच्या ओपीडीत डॉक्टरांना मान वर करायला फुरसत नसते. त्यांनी शनिवारी येऊन आमच्यात बसावं म्हणता?

मुलुंडचे_आजोबा

माझा मुलगा अशाच एका गटात जातो. स्किझोफ्रेनिया आहे. घरी आला की एक अक्षर बोलत नाही. तिथे काय बोलतो हे बापाला कळायला नको? औषधं मीच देतो, रात्री जागतो मीच. डॉक्टर असले तर निदान मला कुणाला तरी विचारता येईल.

माहीमकर_ताई

काका, तुमचं जागरण मला दिसतंय, पण तो तिथे काय बोलला हे तुम्हाला सांगितलं तर पुढच्या शनिवारी तो येणार नाही. तुमच्यासारख्या घरच्यांचा वेगळा गट हवा, आणि तो तुम्हीच काढावा असं मनापासून वाटतं. अपवाद एकच, जिवाला धोका. प्रत्येकाकडून पहिल्याच दिवशी एक नाव आणि नंबर घेतो, अशा वेळी कुणाला कळवायचं त्याचा. ते नाव तो स्वतः निवडतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस, निवडायचा हक्क त्या माणसाचाच आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलाय, तिथे दिवसरात्र मराठीत बोलता येतं.

सिस्टर, एक मान्य करते. गट चालवणाऱ्यांना महिन्यातून एकदा जाणकारासमोर बसून अडचणी मांडता आल्या पाहिजेत. पण खोलीबाहेर.

वॉर्डसिस्टर

महिन्यातून एकदा पुरत नाही. पीअर सपोर्टच्या, म्हणजे आजार भोगलेल्यांनी एकमेकांना दिलेल्या आधाराच्या, अभ्यासांचा २०१४ साली एक मोठा आढावा निघाला. आशा वाढते, सावरण्याची उमेद वाढते असं थोडंफार दिसलं, पण हॉस्पिटलात भरती होणं कमी झाल्याचं दिसलं नाही. म्हणजे गट उपयोगाचा आहे, उपचारांची जागा घेणारा नाही.

रात्रपाळी, तुमचे काका भेटले याचा आनंद आहे. पण प्रत्येक गटात तसे काका असतीलच असं नाही. हॉस्पिटलातून घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येचा धोका सगळ्यात जास्त असतो. अशा नव्या माणसाला तुम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, एवढं तरी ऐका.

माहीमकर_ताई

नाही घेणार चिठ्ठी. सोडल्यानंतरचे हेच आठवडे माणूस घरात एकटा पडतो. शेजारी टाळतात, ऑफिसातून फोन येत नाही. त्याच्याकडे आणखी एक कागद मागितला तर तो जिना चढणारच नाही. त्याऐवजी असं करू: पुढच्या तपासणीची तारीख त्याला विचारू, त्या दिवशी आमच्यातला एकजण ओपीडीच्या रांगेत त्याच्याबरोबर उभा राहील.

वॉर्डसिस्टर

रांगेत उभं राहणार असाल तर ते आधी लेखी नियमांत घाला. चिठ्ठीबद्दलचं माझं मत तेच आहे.